ऐकून दिलेली उत्तरं

आप्पा,

आज गारखेड्यातल्या एका शाळेत तपासणीला गेले होते. तुम्ही गेल्यावर मी विशेष शिक्षिका झाले. मागे पडणारी मुलं तपासायची, त्यांना कशाची मदत लागेल ते फॉर्मवर लिहायचं, हे माझं काम. चौथीतली एक मुलगी समोर बसली. एक ओळही तिला धड वाचता येईना. शेवटी पुस्तक माझ्याकडे घेतलं आणि मीच धडा वाचून दाखवला. तिनं सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली, वर म्हणाली, "बाई, तुम्हाला वाचता येतंय की. मग मला कशाला वाचायला लावता?"

मुख्याध्यापिका दारातच होत्या. "मॅडम, वाचून दाखवलं म्हणजे तुम्हीच सांगितलं की! बुद्धीच कमी आहे तिची, टाका लिहून. बाहेर लई पोरं बसलीत अजून." मी सही केली नाही. फॉर्म उद्या देते म्हणाले. तेव्हापासून घरात नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरतेय. काय लिहायचं ते मला माहीत आहे. बुद्धी चांगली, अडचण फक्त वाचनाची. 'बुद्धी कमी' लिहिलं तर ते जन्मभर तिच्या मागं लागेल. तरी हात चालत नाही, कारण पेन घेतलं की देवगावचं स्वयंपाकघर दिसतं.

तुम्ही शाळेतून आलाय. गावातल्या पोरांची घेता तशीच घरात धाकटीची परीक्षा घेताय. ती धडा घडाघडा म्हणते. तुम्ही तळहातानं पान झाकता, ती तरी म्हणतच राहते. "पाठ केलंस व्हय? मास्तरला फसवतीस?" पुस्तक मिटून तुम्ही माझ्याकडं वळता. "किती दिवस घोकून घेतलंस हिच्याकडून?" मी सांगते, "महिनाभर." तुम्ही म्हणता, "महिनाभर घोकून एक धडा. हिला शाळा झेपायची नाय." जूनमध्ये मी एकटीच शाळेत जाते.

तुम्हाला मी कधी दोष दिला नाही, लोकांना वाटतं ते माझ्या शांत स्वभावामुळं. धाकटीला आज फोन लावला, बोलणं झालं, पण हे तिला सांगता आलं नाही. तुम्हालाही पाठवायला पत्ता नाही, म्हणून लिहिता येतंय.

आप्पा, महिनाभर नव्हतं. तो धडा मी तिला त्याच दुपारी, एकदाच वाचून दाखवला होता. महिनाभर बहिणीसाठी खपली म्हणून तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात, आणि मी तो ठेवू दिला.