जळालेल्या लेथवरचं काम

चाचा, आज आपल्या गल्लीत पुन्हा दगड पडले. मी शटर ओढून घेतलं, कामगारांना मागच्या खोलीत बसवलं, आणि दंगलीतली तुमची ती दुपार आठवली.

शहरातल्या वाडी भागात, तुमच्या कारखान्यात आपण दोघंच होतो. कोयलीच्या रिफायनरीकडच्या कंपन्यांना पंप पुरवणाऱ्या शेठसाठी मी शाफ्ट कातत होतो, तुम्ही माप बघत होता. तुम्ही मुसलमान, मी मराठी हिंदू. रेल्वेतून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांना पटत नव्हतं की पोरानं तुमच्याकडे हात काळे करावेत. बाहेर आरडाओरडा झाला, आणि शटर पूर्ण खाली येण्याआधीच माणसं आत घुसली. लोखंडी पाइप, रॉकेलचा वास. तुमच्या डाव्या हातावर पाइप बसतो, हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू येतो. मारणारा तेलावर घसरून पडतो, तोंडावरचा रुमाल सरकतो. शेठचा फिटर. दर आठवड्याला माल न्यायला येणारा, आपल्या स्टुलावर बसून चहा पिणारा. मी शाफ्ट उचलला. त्याची कवटी फोडणार होतो, यात शंका नाही. तुम्ही उजव्या हातानं माझं मनगट धरलंत.

"नीचे रख. ये ग्राहक का माल है."

तो सरपटत पळाला. बाकीचे रॉकेल ओतत होते; आपण मागच्या दारानं निघालो आणि समोरच्या ओट्यावरून तुमचा कारखाना जळताना बघितला.

काही दिवसांनी शेठ आले. काळ्या भिंतींमध्ये उभे राहून म्हणाले, "चाचा, तमारा शाफ्ट वगर मारुं बधुं अटकी गयुं." तुमच्या शाफ्टवाचून त्यांचं सगळं अडलं होतं: पंपांचे सांगाडे पडून होते, ओतकाम करणाऱ्याची भट्टी थंड होती, टेम्पोवाला बसून होता, आणि फिटरसकट सगळी माणसं बिनपगारी घरी. मला आनंद झाला. "राहू दे बंद," मी म्हणालो, "कळू दे त्यांना."

"समझेगा कुछ नहीं," तुम्ही म्हणालात. "भूखा रहेगा. फिर आएगा, पाइप लेके."

शेठनं नवी मोटर पाठवली. तुम्ही मोडलेला हात गळ्यात बांधून सांगत गेलात, मी लेथवरची काजळी खरवडत गेलो. पहिला माल न्यायला तोच फिटर आला, रस्त्यावरच उभा राहिला. तुम्ही पेटी त्याच्या पायाशी ठेवलीत. चहा विचारला नाहीत. त्या दिवशी मला तुम्ही सगळ्यात जास्त आवडलात.

हात शेवटपर्यंत सरळ झाला नाही. तुम्ही गेल्यापासून तुमची मुलगी हिशेब बघते, मी मशीनं. आपला माल आता पार दक्षिणेतल्या कारखान्यांत जातो. परवा उद्योजकांच्या एका बैठकीत एक गृहस्थ मुसलमानांबद्दल विचारत होते, या लोकांनी देशाला दिलं काय? मी उठून आपल्या गल्लीत बनणाऱ्या वस्तू सांगायला लागलो. आवाज इतका चढला की शेजारच्यानं मला खाली बसवलं.

हे पत्र कुठे टाकणार? खिशातच राहील. माझी मुलगी इंजिनिअर झालीय, कारखान्यातच यायचं म्हणते. मी तिला सांगतो, अजून शीक, घाई काय आहे. खरं कारण तिच्या आईलाही सांगितलेलं नाही. मला भीती वाटते, चाचा.