बिनसाखरेच्या चहापायी सुतक

नांदेड, वैशाख वद्य पंचमी, गुरुवार

दवाखान्यातून येताना हॉटेलात भजी एक बशी, चहा दोन. निजामी हाली शिक्क्याचे तीन आणे गेले आणि वर पाप पदरात पडलं.

डॉक्टरांनी ह्यांची साखर बंद केलीय, म्हणून मीच सांगितलं, "एक चहा बिनसाखरेचा." मालक म्हणाला, "का हो बाई, घरात सुतक हाय काय?" मधुमेह झालाय म्हणायचं सोडून हे म्हणतात, "हाव, थोरले भाऊ गेले."

शेजारचा माणूस उठून पलीकडे बसला. ह्यांनी माझ्या नकळत जिलबीही मागवली होती! मालकानं ती समोरून उचलली. "सुतकात गोड कसं देऊ, साहेब?" बरं झालं.

बाहेर आल्यावर म्हणतात, "चारचौघांत आजार कशाला सांगायचा?" आजाराची लाज वाटते, आणि लातूरला धडधाकट असलेल्या भावाला मारायची वाटत नाही! कसली ही अब्रू?

देवापुढे दिवा लावला, नाक घासलं. पण 'थोरले भाऊ गेले' हे कानातून जाईना. शेवटी लातूरला कार्ड लिहिलं. कारण कोणत्या तोंडानं लिहू? एवढंच लिहिलं: भाऊजी, आपली प्रकृती कशी आहे, ते स्वतःच्या हातानं उलट टपाली कळवावे.