पंचमी विभक्ती विरुद्ध मांबो

सोमवार, ७ मार्च १९५५

अखिल-चतुर्दश-कक्ष-मंडलाधीश, षड्विभक्तिप्रतिपालक, अनियमित-धातु-दमन, वार्षिक चादरवेष्टित रोमन भोजनाचे आद्य यजमान, लॅटिन विभागाचे प्रमुख, उपप्रमुख आणि एकमेव सेवक श्री. अँब्रोज ट्यूटवायलर यांना आज दुपारी मृत्युदंडाची पूर्वसूचना मिळाली. स्थळ: शिक्षकांची खोली. शस्त्र: थंड कॉफी.

मुख्याध्यापक ड्रेफोगल म्हणाले, "मंडळाचा ठराव आहे. ज्या ऐच्छिक विषयाला पुढच्या वर्षासाठी वीस मुलं मिळणार नाहीत, तो बंद. माझ्या हातात काही नाही."

या गृहस्थाच्या हातात कॉफीच्या पेल्याव्यतिरिक्त कधीच काही नसते.

माझे विद्यार्थी यंदा अकरा. आणि बाहेर पडतो तो काय— माझ्या खोलीच्या दारात हकबी, मोजफीत घेऊन! फुटबॉलचा प्रशिक्षक, शारीरिक शिक्षण आणि मोटारचालन या दोन्ही विभागांचा अधिपती. मान हा अवयव विधात्याने त्यास दिलेलाच नाही.

"काय प्रोफेसर, बारा लाकडी स्टिअरिंग बसतील ना इथं? खिडकीखाली खोटे ब्रेक?"

मी म्हणालो, खोटेपणास येथे स्थान नाही. तो आकडा लिहून घेत राहिला.

बुधवार, १६ मार्च

हकबी पुन्हा. आज भिंत ठोकून पाहिली. नरकातही याच्याकरिता एखादी पोकळ भिंत राखून ठेवलेली असो.

सोमवार, ४ एप्रिल

जाहिरातींचा सप्ताह. गृहशास्त्र विभागाने तीनमजली केक रंगवला आहे. हकबीने टप उघडलेली गाडी आणि तीत हसणारी तरुणी. ही विद्या!

मी पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत एकच शब्द रंगवला: लॅटिन. खाली: खोली चौदा.

लोरीन फिस्टर बराच वेळ बघत राहिली. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. या परगण्यात केवळ आनंदाखातर संकेतार्थ वापरणारी एकमेव व्यक्ती. "सर, खाली दोन ओळी तरी लिहा ना. लोकांना कळायला नको?"

"लोरीन, ही घोषणा आहे. क्षमायाचना नव्हे."

सोमवार, १८ एप्रिल

एकेचाळीस!! नावनोंदणी संपली आणि लॅटिनला एकेचाळीस! पदार्थविज्ञानापेक्षा अधिक. मोटारचालनाच्या जवळजवळ बरोबरीने!

उपाहारगृहात मुद्दाम हकबीसमोर बसलो. "तुमची ती मोजफीत जवळ आहे का? खोली लहान पडते म्हणून विचारतो."

 त्याने खिम्याचा वडीसारखा तुकडा बराच वेळ चावला. इतके रुचकर भोजन या शाळेत मी पूर्वी केलेले नाही.

गुरुवार, २१ एप्रिल

ज्ञानपिपासा! फुटबॉल संघातला तो प्रचंड डेल्मर स्क्रॉगिन्स व्हरांड्यात आडवा आला. "सर, जोडीदार आपला आपण निवडायचा का?"

"मी नेमून देईन. बलिष्ठासोबत दुर्बल."

"म्हणजे... मुलींसोबतसुद्धा?"

"विद्येस लिंगभेद नाही."

त्याचा चेहरा उजळला. "सर, तुम्ही कसले भारी आहात हो!"

एका मुलीने विचारले, बूट चामडी तळाचेच लागतील का. मन सिद्ध असेल तर अनवाणीही चालेल, असे मी सांगितले. ती लाजली. पूर्वतयारीविषयी विचारणारे विद्यार्थी! कुठे होते हे इतकी वर्षे?

शुक्रवार, २२ एप्रिल

शाळा सुटल्यावर लोरीन थांबली. दार लावून घेतले. "सर, रागावू नका हं. त्यांना वाटतंय, तुम्ही मांबो शिकवणार आहात."

मी खडू खाली ठेवला.

"हिवाळ्यापासून सगळे त्यालाच 'लॅटिन' म्हणतात. मांबो, रुंबा, चा-चा-चा... सगळं लॅटिन. आणि तुम्ही नुसतं 'लॅटिन' लिहिलंत."

"मी? नृत्य?"

"डेल्मर सांगत सुटलाय की तुम्ही तरुणपणी हवानात होतात."

तरुणपणी मी मन्सी नावाच्या आडगावात होतो. दमा घेऊन.

मंगळवार, २६ एप्रिल

निर्णय: मौन. मौन म्हणजे असत्य नव्हे. सप्टेंबरात एकदा वर्ग सुरू झाला की विषय बदलता येत नाही. मग एकेचाळीस जण पंचमीच्या तावडीत. पंचमी विभक्तीची ममता त्यांना सावकाश कळेल.

परंतु हकबीला सुगावा लागला. वाहनतळावर गाठलेच. "काय प्रोफेसर, कंबरेला वंगण घातलं का? शुक्रवारच्या शाळेच्या सभेत मीच सांगतो पोरांना. हसून हसून मरतील!" आणि त्या देहाने तिथल्या तिथे दोन पावले मांबो करून दाखवला. बऱ्यापैकी जमला. याचाच संताप अधिक.

शुक्रवार, २९ एप्रिल

सभा. हकबी ध्वनिक्षेपकाकडे निघाला, दात आधीच बाहेर. मी आधी पोहोचलो. का? त्याच्या तोंडून तो शब्द ऐकण्यापेक्षा विभाग बुडालेला बरा, म्हणून. उदात्त कारण शोधतो आहे, सापडत नाही.

म्हणालो, "माझ्या वर्गात नृत्य नाही. माझ्या वर्गात क्रियापदे आहेत. ती वाक्याच्या शेवटी येतात आणि तिथवर थांबायला धैर्य लागते. ज्यांना जायचे असेल, त्यांनी हात वर करावेत."

हातांचे अरण्य! शिट्ट्या. मागून डेल्मरचा विदीर्ण स्वर— "म्हणजे हवाना पण खोटं?"

उरले सतरा. डेल्मर त्यांतच. "एकदा नाव दिलं म्हणजे दिलं," म्हणाला, जणू मी त्याची फसवणूक केली आहे. केलीच होती.

हकबी खाली उतरताना कुजबुजला, "तेवढी एक मजा होती, प्रोफेसर. ती पण खाल्लीत."

सोमवार, २ मे

ड्रेफोगल: "सतरा म्हणजे वीस नव्हेत, अँब्रोज."

गणित विभाग सुरक्षित आहे तर.

"नोकरी जाणार नाही तुझी. हकबीला एक मदतनीस हवाच आहे. गाडी चालवता येते ना?"

येते. दुर्दैवाने येते.

गुरुवार, ८ सप्टेंबर

मोटारचालन विभागाचे साहाय्यक श्री. ट्यूटवायलर, पहिला तास. सुकाणूचक्रावर लोरीन, मागच्या आसनावर डेल्मर, मेन स्ट्रीट. दुधाची गाडी अकस्मात वळली आणि माझ्या डोक्यातून मातृभाषा पार पुसली गेली. तोंडातून निघाले ते— "सिस्टे!"

लोरीनने करकचून ब्रेक दाबला. दुधाच्या बाटल्या किणकिणत पुढून गेल्या.

"थांब. आज्ञार्थ, एकवचन," ती चक्राला घट्ट धरून म्हणाली. 

मागून डेल्मर: "ए, मला पण सांगा ना! पुन्हा म्हणा, सर. आणि 'डावीकडे'ला काय?"

सांगितले. पुढल्या कोपऱ्यावर तोच आधी ओरडला.

माझ्या बाजूचे आसन मात्र मागे सरकत नाही. गुडघे थेट पुढच्या खणाला. हकबी म्हणतो, ते कार्यशाळेचे काम. कार्यशाळा म्हणते, ते मोटार विभागाचे.