वायरीला बांधलेला नाडा

६ फेब्रु. १९८९, सोम. चंद्रपूर
संगणकाचा पडदा आज पुन्हा बिघडला. हिरवी अक्षरं तिरपी पळतात, मग अंधार. मशीन आत घरघरतं, दिसत मात्र काही नाही. साहेब म्हणाले, "बाबू, पडदा दिसेपर्यंत रजा विसरा."
शुक्रवारी आमच्या लेकीला, कुसुमला पाहायला पाहुणे येणार, सिरोंच्यापलीकडे, गावी. गुरुवारी सकाळची बस धरलीच पाहिजे. मागच्या खेपेला मुलीचा बाप घरी नाही म्हणून पाहुणे चहा पिऊन गेले, ते गेलेच.

७ मंगळ.
नागपूरच्या मेकॅनिकला ट्रंककॉल. "वायर काढून परत लावा." अरे बाबा, तेच तर रोज करतो! उंदीर कुरतडतील म्हणून साहेबांचा हुकूम: संध्याकाळी सगळ्या वायरी काढून कपाटात कुलूपबंद, सकाळी परत जोडा.
नामदेव शिपाई म्हणतो, "भाऊ, बैलाची वेसण रोज काढून राह्यलो आपण. नाक फाटन नाई तं काय?"

८ बुध.
मारुतीचं दर्शन घेऊन ऑफिसात. टॉर्च लावून पडद्याच्या वायरीचं तोंड पाहिलं. बारीक पिना, एक आडवी झोपलेली. श्वास रोखून चिमट्याने उभी केली. चित्र आलं! रस्त्याने ट्रक गेला, चित्रही गेलं. तोंड सैल. दोन्ही बाजूंचे स्क्रू कुठे? रोज पिळण्यात वेळ जातो म्हणून साहेबांनीच काढायला लावलेले. काय बोलावं...
खिशात देवळातून आणलेला पूजेचा लाल नाडा होता. मारुतीचं नाव घेतलं, करकचून बांधला. पुढचा ट्रक गेला. चित्र जागचं हललं नाही.
संध्याकाळी मशीन बंद केल्यावर साहेब कपाटाची किल्ली घेऊन हजर. "वायरी काढा."
"नाडा सोडू का, साहेब?"
त्यांच्या मनगटावरही तसाच. पुढे आलेला हात थांबला. "कोणत्या देवाचा?"
"मारुतीचा."
"नामदेव, तू सोड."
"मले नोका सांगू जी. लेकरंबाळं आहेत मले!"
साहेब किल्ली फिरवत उभे. शेवटी वायर राहिली. खोटं बोललो नाही, पण वायर राखायला देवाला बसवलं. बरं केलं का, कोण जाणे.
"रजा, साहेब?"
"उद्या माझ्यासमोर पडदा दिसू द्या, मग जा."
पिशवी भरून ठेवली आहे. बस सकाळी सहाला सुटते. साहेब अकराला येतात.