एकेचाळीस पानांवरची लांगी

आपिया, शुक्रवार, ११ सप्टेंबर

आदरणीय वालासीताई,

मनापासून नमस्कार. सकाळी झाडलोट केली, दुपारी पास्टरबाईंनी बोलावलं, आता हे पत्र लिहितोय. ऑकलंडच्या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत? मी बरा आहे (असं इथे सगळे म्हणतात).

चर्चच्या महिला मंडळाची यादी तुम्ही वहीत ठेवायचात, ती मी कॉम्प्युटरवर घेतली. आखीव रकान्यांचा डेटाबेस आपल्या बायकांना पुरला नसता. कुणाला तीन नावं, कुणाची दोन गावं, फिलोमेनाआजींची जन्मतारीख ‘मोठ्या वादळाच्या आदल्या दिवशी’. म्हणून मी सुट्या पानांचा डेटाबेस घेतला (नोएसक्यूएल म्हणतात त्याला). जिच्या पानावर जे हवं ते लिहा, यंत्र हूं की चूं करत नाही. (आजींचं वादळ त्याने तारीख म्हणून निमूट ठेवून घेतलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.) शिवाय एका रविवारचं पान उघडलं की कोण काय रांधणार, फोन नंबर, सगळं एकदम समोर. त्यासाठी दर पानावर नावं पुन्हा उतरवलेली. मंडळापुढे मी यावर पाऊण तास भाषण दिलं. लांगी, माझीच बायको, मागच्या बाकावर झोपली होती.

जूनमध्ये ती गेली. मी तिच्या पानावर तसं लिहिलं. पण तिचं नाव आणखी एकेचाळीस पानांवर होतं, त्यांना कोण सांगणार? गेल्या आठवड्यात तिच्या फोनवर यंत्राचा आपोआप निरोप आला: लांगी, रविवारी पालुसामी तुझ्याकडे. मी टारोची पानं आणली, नारळाचं दूध ओतलं, रांधून नेलंसुद्धा. आज पास्टरबाई म्हणाल्या, “इएलेमिया, बाई गेल्याचं गावभर झालं, तुझ्या यंत्राला कुणी कळवलं नाही का रे? आणि ते पालुसामी तिने वरून पाहिलं असेल, तर परत येईल हो तुला बदडायला!”

मी म्हटलं, “आली तर बरंच.”



एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं, ही रकान्यांची सोय. भाषणात मी त्या सोयीला ‘जुनाट’ म्हणालो होतो. असो. आज दुरुस्त करायला बसलोय, काळजी नसावी.

तुमचा,
इएलेमिया

ता. क.: चाळीस पानं झाली. गायकवृंदाच्या पानावर, खालच्या पट्टीच्या ओळीत, ती अजून आहे. पासवर्ड तुमच्याकडेही आहे. तेवढ्या पानाला हात लावू नका.

आणखी एक: पास्टरबाईंना मी सगळीकडची नावं खोडली म्हणून सांगितलंय. त्यांचा फोन आलाच, तर तुम्हीही तेच सांगा. पाऊस आला. कपडे आत घेतो.