बाभळ, लोखंड की दगड

४ सप्टेंबर १९७२, पाथर्डी

लेथची चौकट परत खिळखिळी! बाभळीचं लाकूड, जुनी बैलगाडी मोडून काढलेलं. एवढी ओझी वाहिली आणि माझा एवढासा लेथ पेलेना. कापायचं टूल लोखंडाला लागलं की सगळं हिवताप भरल्यासारखं थरथरतं. कापलेल्या तुकड्यावर नुसत्या लाटा.

स्वतःचा लेथ बांधायला कारखान्यातली नोकरी सोडून चार महिने झाले. दसऱ्याला जामखेडहून आसारामकाका येणार. मला लेथ त्यांनीच शिकवला. डोळे जायच्या आधी शेवटचं काम म्हणून याच लेथचा स्पिंडल, म्हणजे तुकडा धरून फिरणारा दांडा, स्वतः कापून दिला. त्यांच्यासमोर पहिला तुकडा काढायचा. नाही जमलं तर पुन्हा मुकाट्याने कारखान्यात.

११ सप्टेंबर

लोखंडी चॅनेलची चौकट वेल्डिंग करून आणली. थरथर आहेच, वर आवाज! लाकडापेक्षा वाईट. असं कसं?

१३ सप्टेंबर

चॅनेलच्या पोटात वाळू ठासली. आवाज बसला. लाटा तशाच.

१९ सप्टेंबर

चांगुणा दुष्काळी कामावर खडी फोडून आली. तुकडा हातात फिरवून म्हणाली, "आवो, दगुड का घेत न्हाई? लाकूड फुगतंय, लोखंड वाकतंय. दगुड कुटं जातुय?"

हसलो. जेवताना हसू गेलं. विहिरीवरची इंजिनं दगडावरच तर बसवतात! आपण अक्कल गहाण ठेवली होती काय?

२४ सप्टेंबर

काळा दगड आणला. निवडला चांगुणानेच, हातोडीने वाजवून वाजवून. "बद्द वाजला की आत चीर. ह्यो बगा, कसा खणखणीत हाय!" सूर्यभान पाथरवट वरची बाजू घासून सपाट करून देतो म्हणाला.

६ ऑक्टोबर

बसवला. तसूभर हलत नाही! आणि लाटा? पहिल्यापेक्षा ठळक!! आता दगडाहून घट्ट काय आणू — डोंगर? काहीच कळेनासं झालंय. भीती वाटते.

१६ ऑक्टोबर, खंडेनवमी

चांगुणाने लेथची पूजा केली. झेंडूची माळ घातली, स्पिंडलला गोल हळद माखली. "आज हत्याराला हात लावू नगा." ती पाण्याला गेली आणि मला राहवलं नाही. टूल हळदीच्या अगदी जवळ आणलं, स्पिंडल हाताने फिरवला.

एका बाजूची हळद पुसली गेली. दुसऱ्या बाजूची जशीच्या तशी.

पुन्हा माखली, पुन्हा फिरवला. तेच. स्पिंडल केसभर वाकडा आहे. लाकूड, लोखंड, दगड — बिचाऱ्यांचा काय दोष? चौकट जितकी घट्ट, तितकी खोट उघडी पडत गेली. आणि मी दीड महिना स्पिंडलकडे पाहिलंसुद्धा नाही. काकांच्या हातचा ना!

सणाच्या दिवशी रडू आलं.

१७ ऑक्टोबर, दसरा

काका एसटीने आले. सोनं दिलं, पाया पडलो. "चालव की आता," म्हणाले. म्हटलं, काका, दगडाला चीर गेलीय, आज नको. चांगुणा माझ्याकडे पाहत राहिली. काका जेवले कमीच.

१८ ऑक्टोबर

सकाळी उठलो तर काका एकटेच लेथपाशी, हातात हातोडी. चाचपडत दगड या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवून पाहिला. मग म्हणाले,

"दगुड खणखणीत हाय, गोरक्ष. स्पिंडल काडून दे. आपुन दोगं मिळून दुसरा करू."