कपडेपटातली प्रार्थना

बाबा,

तुम्ही घरात एक मराठी बोलायचात आणि व्यासपीठावर दुसरी. स्वयंपाकघरात पाटावर बसून "आमटीत मीठ न्हाय गं" म्हणणारा माणूस तासाभरात काळा कोट चढवायचा, देवळात उभा राहायचा आणि "प्रियजनहो, आपण आपापली अंतःकरणे तपासून पाहू या" असं म्हणायचा, तेव्हा पुढच्या बाकावर बसलेली आई पदर तोंडाला लावायची. तुम्हाला वाटायचं तिला भरून आलंय. ती हसत असायची. कोल्हापुरातल्या आपल्या त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे तुम्ही पाळक होता आणि मी तुमची थोरली मुलगी, देवळात पेटी वाजवणारी. उपासनेला शंभर माणसं आली की तो दिवस सणासारखा. शाळामास्तर, दवाखान्यातल्या नर्सबाई, दोन-तीन शिंपी, आसपासच्या खेड्यांतून चालत येणारी घरं. गावात तेव्हा सिनेमाचं वारं होतं. स्टुडिओ इथेच, नटनट्या इथेच, कोपऱ्याकोपऱ्यावर रंगीत पोस्टरं. तुम्ही सायकलवरून जाताना पोस्टर आलं की मान दुसरीकडे फिरवायचात, आणि एकदा त्यापायी शिवाजी पेठेत तालमीसमोर म्हशीला जाऊन धडकलात. घरी येऊन गुडघ्याला हळद लावताना म्हणालात, "सैतान म्हशीच्या रूपानंबी येतोय." आम्ही हसलो, तसे तुम्हीही हसलात.

पण सिनेमाबद्दल तुम्ही हसत नव्हता. कंदिलाची काच पुसताना मी एक चाल गुणगुणत होते, शेजारच्या रेडिओवर ऐकलेली. तुम्ही बायबल वाचत होता. पुस्तकातून डोकं न काढता विचारलंत, "ही चाल कुठल्या भजनाची?" मी काच आणखी जोरात पुसू लागले. तुम्ही रागावला नाही, फक्त म्हणालात, "पोरी, मन म्हंजे घर हाय. कुणालाबी आत घेऊन बसवू नये." ते वाक्य मला कुठल्याही ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. तुम्ही स्वतः वीस वर्षांचे असताना दारू सोडून प्रभूकडे आला होता. आत काय काय येऊन बसतं हे तुम्हाला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. म्हणून त्या वर्षी तुम्ही सिनेमावर उपदेश केलात तेव्हा तो पाठ केलेला वाटला नाही. जो त्या धंद्याचं मीठ खातो तो त्या पापात वाटेकरी होतो, असं तुम्ही म्हणालात. पेटीवरून मला मागच्या बाकावरची मावशी दिसत होती. तिची मान खाली होती.

मावशी आपल्या नात्यातली नव्हती, पण आम्ही पोरं तिला मावशीच म्हणायचो. नवऱ्याने टाकलेली बाई. बाजारच्या दिवशी तुम्ही रस्त्यात उभे राहून प्रभूची सुवार्ता सांगत होता, ती ऐकायला थांबली आणि पुढे वर्षभराने तुमच्याच हातून तिचा बाप्तिस्मा झाला. ती शिवणकाम करायची. कुठे, ते कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या उपदेशानंतर मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी विचारलं. ती स्टुडिओच्या कपडेपटात होती, नटनट्यांचे कपडे शिवायची, उसवलं तर टाके घालायची. हेडमास्तर पंचांमध्ये मुख्य आणि तुमचे जिवलग मित्र. त्यांचा नि तुमचा बाप्तिस्मा एकाच दिवशी, एकाच नदीत झालेला. ते आपल्या ओसरीवर बसून म्हणाले, "तिनं ती नोकरी सोडेपर्यंत तिला प्रभुभोजनाची भाकर देऊ नये. तुमच्याच शब्दांवर आम्ही चाललोय, पाळकसाहेब." तुम्ही बशीतला चहा न पिता तसाच धरून बसलात. मग म्हणालात, "आधी मी जाऊन बघतो."

एकट्या बाईला भेटायला जाणं बरं दिसणार नाही म्हणून तुम्ही मला बरोबर घेतलंत. स्टुडिओच्या फाटकाशी तुम्ही जे थांबलात, ते मला अजून दिसतं. एखादा माणूस थंड पाण्यात उतरण्याआधी थांबतो तसे. पहारेकरी म्हणाला, "या की पावणं, कुनाला भेटायचंय?" तुम्ही मावशीचं नाव सांगितलंत, तेव्हा तुमचा आवाज व्यासपीठावरचा झाला होता. कपडेपट म्हणजे एक लांबट खोली, दोऱ्यांवर जरीचे अंगरखे, भिंतीला टेकलेल्या लाकडी तलवारी, आणि मध्ये मशीनवर मावशी. ती दचकली नाही. "बसा पाळकसाब. तेवढा खुर्चीवरचा मुकुट खाली ठेवा." तुम्ही मुकुट दोन बोटांनी उचललात. तेवढ्यात कपड्यांच्या ढिगाऱ्यातून रडण्याचा आवाज आला. शालूंच्या गाठोड्यावर एक तान्हं मूल निजवलेलं होतं. मावशीचे दोन्ही हात मशीनमध्ये अडकलेले. मी उठायच्या आत तुम्हीच ते उचललंत. तुम्ही आम्हा चौघांना खेळवलेलं, हात आपोआप हलले. "कुणाचं हे?"

"नाचात काम करती तिचं. बाप न्हाय. ती नाचायला गेली की माझ्याकडं असतंय."

मग मावशीने मशीन थांबवलं आणि जे बोलली ते तुमच्याशी आजवर कुणी बोललं नसेल. "पाळकसाब, तुमी सांगिटलं ते खरंच हाय. हितं लई घाण हाय. मला दिसती की. पर मी हितनं गेले तर ह्या पोरींसाठी प्रार्थना करनारं कोन ऱ्हातंय? तुमी तर पोस्टर बघून मान फिरवता." मूल तुमच्या काळ्या कोटाचं बटन तोंडात घालत होतं. दारात घुंगरं वाजली आणि ती आली, तोंडाला रंग, नऊवारी गच्च नेसलेली, धापा टाकत. वयाने माझ्याएवढीच होती. परका माणूस बघून ती दारातच अवघडली. तुमची मान फिरायला लागली, मी पाहिलं, आणि निम्म्यात थांबली. तुम्ही तिच्याकडे सरळ बघितलंत, आमच्याकडे बघायचात तसं. "पोरी, तुझ्या लेकरासाठी प्रार्थना करू का?" ती मावशीकडे बघून म्हणाली, "करा की. पर बिगी बिगी, शॉट लागलाय."

बाबा, तुमची प्रार्थना सुरू झाली की आईला चुलीवरचं सगळं खाली उतरवून ठेवावं लागायचं. त्या दिवशी तुम्ही दोन वाक्यं बोललात. प्रभू, हे लेकरू तुझं हाय. ह्याची आईबी तुझीच हाय. आमेन. पोरीने डोळे टिपले नाहीत, कारण रंग पुसला असता. मूल पाजून ती पळाली. परत येताना तुम्ही सायकल हातात धरून चालत आलात, रंकाळा तलावाच्या काठाकाठाने.

रविवारी प्रभुभोजन होतं. तुम्ही सुरुवात केलीत ती नेहमीच्या देवळातल्या मराठीत, की मागील उपदेशात या सेवकाकडून न पाहता न्याय झाला. मग अडखळलात. मग आमटीत मीठ नाही म्हणणारा आवाज आला. "चुकलंच माझं. मी फाटकाच्या भायेरनं बोललो. आपला प्रभू लोकं पापी म्हनायची त्या जकातदाराच्या घरात जाऊन जेवला, आनि मी म्हशीला धडकलो." कुणीतरी हसलं. हेडमास्तर उभे राहिले. "पाळकसाहेब, आज कपडे शिवणारी, उद्या नाचणारी येऊन बसेल." तुम्ही म्हणालात, "येऊ दे की! मग आपन वाट तरी कुनाची बघतोय, मास्तर?" हेडमास्तर बायकोमुलांना घेऊन बाहेर पडले. त्यांच्या मागे आणखी चार घरं गेली. तुम्ही भाकर घेतलीत, मागच्या बाकापर्यंत चालत गेलात आणि पहिल्यांदा मावशीला दिलीत. मी पेटीवर चुकीची पट्टी दाबली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नाचणारी तशी कधी येऊन बसली नाही, बसली ती एकदाच. नाताळच्या उपासनेला मावशीच्या शेजारी डोक्यावर पदर घेऊन बसली, आणि आशीर्वादाआधी निघून गेली. तुम्ही दारापर्यंत धावलात, पण ती टांग्यात चढली होती. पुढे ती मुंबईला गेली. तिचं काय झालं, ठाऊक नाही. तुम्ही मात्र रोजच्या प्रार्थनेत तिला आईच्या आधी घ्यायचात, आणि आईने त्यावर कधी तक्रार केली नाही. हेडमास्तर परत आले नाहीत. रस्त्यात भेटले की टोपी उचलायचे, एवढंच. तुम्हाला मातीत ठेवलं त्या दिवशी ते आले, सर्वांच्या मागे उभे राहिले, आणि सगळे गेल्यावर एकटेच मूठमूठ माती टाकत राहिले. मी बघितलं. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

आणि सिनेमा तुम्ही शेवटपर्यंत वाईटच मानलात. मला वाटलं होतं आता दार उघडलं. मी विचारलं, "मग आता मी बघू का एखादा?" "न्हाय." "का? मावशीला चालतं नि मला का नाही?" "तिला पोट हाय. तुला नुसती हौस हाय." लग्नानंतर मी सिनेमे पाहिले, भरपूर पाहिले, आणि तुमचं ते उत्तर मला आजही पटत नाही. पण ज्या माणसाने एका गोष्टीला नको म्हटलं आणि त्या गोष्टीतल्या माणसांना ये म्हटलं, त्याच्या घरात मी वाढले. हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून आता खरंच सांगते. आपल्या मंडळीतल्या तरुणांनी देवळात गिटार आणि ड्रम आणलेत. डोळे मिटून, हात वर करून गातात, भिंती हलतात. मागच्या बैठकीत त्यावर वाद झाला, तेव्हा मी काठी टेकून उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्या वडिलांना हे अजिबात चाललं नसतं." वाद तिथेच थांबला. तुमच्या नावाला अजून तेवढं वजन आहे. पण बाबा, तुम्हाला काय चाललं असतं, हे मला खरोखर माहीत नाही. मला ड्रम आवडत नाही, एवढंच.